गाउस पूर्णांकांत मूळ अवयव मोजताय? या चुका टाळा

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्या सीमाभागात मराठी माध्यमाची मुलं 'मूळ संख्या' म्हणतात, कानडी माध्यमाची 'अविभाज्य', आणि बीएस्सीच्या वर्गात दोघांच्याही कानावर 'प्राइम' पडतं. खानापूरकडची एक हुशार मुलगी कितीतरी दिवस 'मूळ' म्हणजे वर्गमुळातलंच मूळ समजत होती. वहीच्या पहिल्याच पानावर तिन्ही शब्द एकाखाली एक लिहा.

√−१ ला इथे 'आय' म्हणू. अ आणि ब पूर्णांक असले की अ + ब·आय हा गाउस पूर्णांक. गाउसने १८३२ च्या आपल्या लेखात यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. इथे ५ मूळ राहत नाही, कारण ५ = (२ + आय)(२ − आय).

पहिली चूक इथेच होते. कुणीतरी ५ = (१ + २आय)(१ − २आय) असंही लिहितं आणि म्हणतं, "सर, चार अवयव झाले!" नाही झाले. १, −१, आय आणि −आय ही चार एककं, म्हणजे १ ला पूर्ण भाग घालणाऱ्या संख्या, आहेत. त्यांनी गुणलं तर अवयवाचं रूप बदलतं, अवयव तोच राहतो. आय × (२ − आय) करून बघा, १ + २आय येईल. ६ = २ × ३ आणि ६ = (−२) × (−३) यांना आपण वेगळं मानत नाही, तसंच हे.

याच कारणाने २ फसवतो. २ = (१ + आय)(१ − आय) खरं, पण १ − आय म्हणजे −आय × (१ + आय). म्हणून २ चे अवयव दोन, पण वेगळा अवयव एकच. प्रश्नात 'वेगळे' विचारलंय की पुनरावृत्तीसकट, ते वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

उरलेल्या विषम मूळ संख्यांना ४ ने भागा. बाकी १ आली तर दोन वेगळे अवयव. बाकी ३ आली तर संख्या आहे तशीच मूळ. ती तुटली असती तर (अ + ब·आय)(अ − ब·आय) = अ² + ब², म्हणजे दोन वर्गांची बेरीज असती; पण वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च उरते, आणि अशा दोन वर्गांची बेरीज ३ बाकी देऊच शकत नाही.

आता मला सर्वांत जास्त छळणारी चूक. मुलं ही कसोटी आधी अवयव न पाडता थेट संख्येला लावतात. गाड्यांच्या नंबरांवरून सांगतो, ते सगळ्यांना पाठ असतात. गोकाकचा केए-४९ घ्या. ४९ ला ४ ने भागून बाकी १, म्हणून मुलगा लिहितो 'दोन'. उत्तर बरोबर! पण ते दोन म्हणजे ७ आणि ७, तुटलेलं काहीच नाही. २१ आणि ३३ लाही असंच बरोबर उत्तर येतं, आणि चुकीच्या रीतीवर विश्वास बसतो. मग धारवाडचा २५ येतो. बाकी पुन्हा १, पण इथे प्रत्येक ५ तुटतो: एकूण अवयव चार, वेगळे दोन. उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे मी फळ्यावर ४९ आणि २५ शेजारी लिहूनच दाखवतो.

म्हणून आधी नेहमीचे मूळ अवयव पाडा. मग प्रत्येक २ चे दोन, बाकी १ वाल्या प्रत्येकाचे दोन, बाकी ३ वाल्या प्रत्येकाचा एक. बेळगावचा २२ = २ × ११, म्हणून ३. चिकोडीचा २३ मूळच राहतो, १. बैलहोंगलचा २४ = २³ × ३, म्हणून ७; वेगळे मात्र दोनच.

उत्तराची खात्री हवी तर नॉर्म वापरा, म्हणजे अ² + ब². सगळ्या अवयवांच्या नॉर्मचा गुणाकार दिलेल्या संख्येच्या वर्गाइतका यायला हवा. २२ साठी २ × २ × १२१ = ४८४, म्हणजे २२². इथे १२१ पाहून ११ चे दोन तुकडे करू नका. नॉर्म मूळ असेल तर अवयव मूळ असतोच, पण उलटं खरं नाही. ३ चा नॉर्म ९ आहे, तरी ३ मूळच आहे.

सरावाला १९५६ घ्या, राज्य पुनर्रचनेचं हे साल सीमाभागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९५६ = २² × ३ × १६३. १६३ ला ४ ने भागून बाकी ३. एकूण अवयव ४ + १ + १ = ६, वेगळे तीन.