तळपायांच्या आगीवर दोन-तीन मशीन एकदम? या चुका टाळा

मधुमेहाने तळपायांची आग होते, कंबरेतून पोटरीपर्यंत चमक जाते, गोळ्यांनी पुरते भागत नाही. मग घरात टेन्सचे मशीन (कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारे) येते, पाठोपाठ चुंबकीय लहरींची म्हणजे पीईएमएफची गादी आणि शेकायचा लाल दिवा. ही साधने जपून वापरता येतात. घोळ होतो तो तिन्ही एकाच वेळी, एकाच पायावर लावल्याने.

सगळे एकाच दिवशी सुरू करणे

आराम पडला तर कशाने पडला ते कळत नाही, त्रास झाला तरी कळत नाही. आधी एकच साधन दोन आठवडे वापरा. रोज वापरण्यापूर्वी आणि नंतर दुखणे 0 ते 10 मध्ये वहीत लिहा, रात्रीची झोपही लिहा. फरक दिसला तरच ते ठेवा आणि मग दुसरे जोडा.

सुरुवात टेन्सने करावी. मधुमेहाच्या न्युरोपॅथीत, म्हणजे नसांच्या दुखण्यात, टेन्सचा उपयोग होण्याची शक्यता आहे, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2010 मध्ये म्हटले. जुनाट कंबरदुखीसाठी मात्र त्याच संस्थेने टेन्सची शिफारस केली नाही. चुंबकीय गादीचा नसांच्या दुखण्यावरचा पुरावा अजून तोकडा आहे. गादी किंवा पट्टा घेताना एक साधी परीक्षा करा: मशीन बंद असताना त्याला टाचणी चिकटली तर आत साधे चुंबक आहेत, लहरी सोडणारे वेटोळे नव्हे. अशा चुंबकाने दुखणे हटते याला भक्कम आधार नाही, त्यावर पैसे घालू नका.

पॅड लावण्यातल्या चुका

सर्वांत जास्त तक्रारी इथल्याच. तीळ किंवा खोबरेल तेलाने मालिश करून लगेच पॅड लावले की ते कडेने सुटतात. पाच बाय पाच सेंटिमीटरचा पॅड अर्धा सुटला तर तेवढाच करंट निम्म्या जागेतून जातो, म्हणून एकदम टोचते आणि कातडी लाल होते. पाय साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, मालिश नंतर करा. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढे अंतर ठेवा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घामाने पॅड निसटतात, आणि उघडे ठेवले तर जेल वाळून पापुद्रा धरते. वापर झाला की प्लास्टिकच्या झाकणपट्टीवर चिकटवून पिशवीत बंद करा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. जेल कोरडी वाटली तर पाण्याचा एखादा थेंब बोटाने पसरवा. तरीही चिकटत नसेल तर पॅड बदला. साधारण 20 ते 30 वापरांनंतर त्यात जीव राहत नाही. बोअरच्या पाण्याखाली पॅड धुऊ नका, क्षार जेलवर बसतात.

बधिर जागेवर करंट किंवा शेक

ही चूक महागात पडते. ज्या तळव्याला कापूस लावलेला कळत नाही, त्याला भाजलेलेही कळेलच असे नाही. पॅड तळव्यावर नव्हे, जिथे स्पर्श नीट कळतो त्या पोटरीवर लावा. लाल दिव्याचेही तसेच: बधिर पायावर तो लावूच नये. संवेदना चांगली असेल तर 45 ते 60 सेंटिमीटर अंतरावरून 15 मिनिटे पुरे. पॅड चिकटलेले असताना दिवा कधीच नको, जेल तापते आणि चटका बसतो. शेक आधी घेतलात तर कातडी निवल्यावर, अर्ध्या तासाने, टेन्स लावा आणि करंट शून्यापासून चढवा.

गादीवर झोपून टेन्स चालवणेही टाळा: बदलत्या चुंबकीय क्षेत्रात पॅडच्या वायरींत विजेचा अंश निर्माण होऊ शकतो. गादी सकाळी, टेन्स संध्याकाळी, असे वेळेने वेगळे करा. दवाखान्यात शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओ लहरींनी खोल शेक देणारे मशीन) चालू असेल तर टेन्स तिच्यापासून एक मीटरच्या आत आणू नका; तिथे टेन्सचा करंट अचानक वाढून भाजू शकते.

काही जाणवत नाही म्हणून बटण वाढवत जाणे

आधी मशीन बंद करा. बॅटरी बदला. मग दोन्ही पॅड एकाच हाताच्या पुढच्या भागावर लावून पाहा. तिथे मुंग्या आल्या तर मशीन ठीक आहे, पायावरची पॅडची जागा बदला. नाही आल्या तर वायर तुटलेली असू शकते, बहुधा पिनच्या मुळाशी. नेहमीची सेटिंग: वेग (फ्रिक्वेन्सी) 80 ते 100 हर्ट्झ आणि ठोक्याची लांबी (पल्स विड्थ) 50 ते 100 मायक्रोसेकंद. मुंग्या ठळक याव्यात, पण स्नायू आखडू नये. 30 मिनिटे पुरेत. काही दिवसांनी असर कमी झाला तर तास वाढवू नका, बदलत्या लहरींचा मोड लावा. चार्जिंगला लावलेले मशीन अंगावर चालवू नका. गावाकडे व्होल्टेज वरखाली होते, अर्थिंगची खात्री नसते.

यांनी लावूच नये

घरातल्या आप्पांना पेसमेकर असेल तर टेन्स आणि चुंबकीय गादी दोन्ही बंद. गरोदरपणात, फिट येत असतील, पायात रक्ताची गुठळी किंवा कॅन्सरची गाठ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मानेच्या पुढे, डोक्यावर, छातीच्या आरपार पॅड कधीच लावू नयेत.

मशीन घेण्याआधी रक्तातले बी 12 जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असेल आणि जेवण शाकाहारी असेल तर पायांच्या मुंग्यांचे कारण बी 12 ची कमतरताही असू शकते. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, औषध मोफत मिळते. नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन किंवा गाबापेन्टिन ही गोळी चालू असेल तर मशीनने बरे वाटले म्हणून एकदम तोडू नका. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेना, तर सगळी मशीन काढून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. सकाळची वाट पाहू नका.