कृष्णेतल्या बेटावर म्हशी सोडताना

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिकोडीकडच्या आमच्या काठासमोर वाळूचं बेट उघडं पडतं. कडेला लव्हाळा, मधे कोवळी हरळी. चार म्हशींना पुरते. पण जनावर उतरवण्याआधी ओली कड फिरून बघा. दोन्ही बाजूंना पावलं आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ दिसली तर ती मगर. तिथून म्हशी उतरवायच्या नाहीत, रेडकू तर मुळीच नाही. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मगर पाण्यापासून जरा वर, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि आसपासच घुटमळते. उकरलेली वाळू दिसली की लांबूनच वळा. पोरांना गंमत बघायला पाठवू नका.

नदी सुरय आणि टिटवी उघड्यावरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर येऊन कालवा करायला लागली की म्हशी बाजूला घ्या. भर दुपारी पक्षी उठून राहिला तर अंडी उन्हात भाजतात. कुत्रं घरीच बांधा. आमचं तर दावंही तोडतं, तो भाग वेगळा.

गाळ कुठं रुततो ते काठीनं चाचपा. जून लागला की इथं थेंब नसला तरी महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसानं पाणी चढतं. तेव्हापासून म्हशी अलीकडेच बांधायच्या.