रात्रीला पैसे, दिवसाला काटकसर
कोकण रेल्वेने गोव्याला जाताना सगळा प्रवास एसीने किंवा सगळा स्वस्तात, असं ठरवूच नका. दिवसाच्या गाडीला सेकंड सीटिंग (बिनएसीचा, बसून जायचा डबा) पुरतं. हिवाळ्यात उघड्या खिडकीतलं कोकण एसीच्या काचेआडून तसं दिसतही नाही. रात्रीच्या गाडीला मात्र थ्री-टियर एसी घ्या: चादर, उशी, ब्लँकेट तिकिटातच येतं आणि झोप झाली की पहिला दिवस जांभया देण्यात जात नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गणपतीत तर त्याच सकाळी तिकीट काढायला बसा.

पहाटे पोहोचणार असाल तर आदल्या रात्रीपासून हॉटेल घेऊ नका. वेटिंग रूममध्ये आवरा, सामान क्लोकरूमला द्या. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.