कोकणात पहिला घोडा घेताना

घोडा पाहायला निघण्याआधी तो पावसाळ्यात कुठे उभा राहणार आणि काय खाणार, हे पक्के करा. मारवाड किंवा काठेवाडचा घोडा कोरड्या हवेत वाढलेला असतो. आपल्याकडे त्याला उन्हापेक्षा दमट हवा, चिखल आणि बुरशी धरलेला चारा जास्त छळतो.

एका घोड्याला १२ बाय १२ फुटांची जागा लागते, छप्पर निदान १० फूट उंच. जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे, अंगणापेक्षा दीड फूट वर, आणि मूत वाहून जाईल इतका उतार. नैर्ऋत्येची भिंत पूर्ण बांधा, कारण पाऊस तिकडून झोडपतो. समोरची बाजू वारा खेळेल अशी मोकळी ठेवा. कोंदट तबेल्यात मुताच्या उग्र वायूने घोडा खोकू लागतो. नुसत्या चिऱ्यावर उभा करू नका, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चार-सहा इंच जाड अंथरा आणि ओला झालेला रोज काढा.

घोडा रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा खातो. ३५० किलोच्या घोड्याला ७ किलो, म्हणजे पावसाच्या चार महिन्यांना सुमारे ८५० किलो. नासाडी धरून एक टन चारा मृगाआधी माळ्यावर किंवा लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचलेला हवा. भाताचा पेंढा एकटा पुरत नाही, त्यात प्रथिने कमी असतात. चांगले सुके गवत आणि लसूणघास घाटावरून आणावी लागते, तो खर्च आधीच धरा. हत्तीगवत गाई-म्हशींना चालते, पण त्यातले ऑक्झलेट घोड्याच्या अंगी कॅल्शियम लागू देत नाही. महिनोन्महिने तेच घातले आणि वर गव्हाचा कोंडा दिला, तर हाडे कमकुवत होतात, तोंडाची हाडे फुगतात. बुरशीचा वास येणारी एक पेंढीही त्याच्यापुढे टाकू नका. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. कुंपणाला कण्हेर असेल तर ती मुळासकट उपटा, तिची थोडी पानेही घोड्याला मारतात.

तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गुरेच येतात. म्हणून घोड्याला नळी घालून पोट मोकळे करणारा डॉक्टर तुमच्या गावी किती वेळात पोहोचेल, हे खरेदीआधी विचारून घ्या. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय देवगड-मालवणकराला रात्री-अपरात्री उपयोगाचे नाही. नालबंदाचेही तसेच. सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलावी लागते, आणि नालबंद सहसा घोडे कामाला असतात तिथेच, म्हणजे अलिबाग-मुरूड किंवा माथेरानकडे मिळतो.

पहिला घोडा ७ ते १४ वर्षांचा, खच्ची केलेला किंवा शांत स्वभावाची घोडी असावी. शिंगरू घेऊन दोघांनी बरोबर शिकू, हा बेत जवळजवळ नेहमी फसतो. घोडा आणि स्वार दोघेही बिथरतात. शर्यतीतून काढलेला थोरोब्रेड स्वस्त मिळतो, पण त्याची पातळ कातडी, नाजूक खूर आणि जास्त खुराकाची गरज नवख्याला झेपत नाही. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये: ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो. वजन काढायला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करून खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा.

आमच्या मते कोकणातला निदान एक पावसाळा काढलेला घोडा सगळ्यांत चांगला. काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावरचे घोडे गर्दीला आणि लाटांना सरावलेले असतात. मात्र खोगिराखालच्या जुन्या जखमा पाहा आणि पुढच्या पायांच्या मागच्या शिरांवरून बोटे फिरवा. मऊ, खोल वाळूत रोज पळवल्याने तिथे सूज आणि गाठी येतात. वाळूवर चारा खाल्लेल्या घोड्याच्या पोटात वाळू साठते. चार-पाच गोळे लीद पाण्याच्या बादलीत ढवळून पंधरा मिनिटे थांबा. तळाला वाळू बसली तर घोडा पोटशूळाच्या वाटेवर आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, निवड खूप असते. तिथून आणलेल्या घोड्याला पावसाआधी पाच-सहा महिने आपल्या हवेची सवय करायला मिळतात, हा मोठा फायदा. तिथे भाव अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढऱ्या) खुणांवरून ठरतात. भोवऱ्याचा घोड्याच्या तब्येतीशी काही संबंध नाही. ‘खोडीचा’ भोवरा म्हणून स्वस्त झालेला निरोगी घोडा खुशाल घ्या.

आता तपासणी. न सांगता, सकाळी लवकर जा, घोडा खोगीर चढवण्याआधी पाहा. पाचव्या वर्षी सगळे कायमचे दात आलेले असतात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत उतरते. चारही पाय उचलून खुराचा तळ बघा. मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या बाजूच्या खाचांत काळी, घाण वासाची घाण म्हणजे खूर सडतोय. ते बरे होते. खुरावरची वलये टाचेकडे एकमेकांपासून फाकत गेली असतील तर जुना, पुन्हा उलटणारा खुरांचा आजार आहे, तो घोडा सोडा.

मग घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने सरळ पळवून घ्या. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो. दुखणे लपवायला विक्रेते फेनिलब्युटाझोनसारखी औषधे देतात, म्हणून आठवड्याने पुन्हा जाऊन तेच करा. दुसऱ्या खेपेला दुपारी वीस मिनिटे काम करवून घ्या. मान आणि कुशीवर भरपूर घाम यायला हवा. दमट हवेत काही घोड्यांचा घाम आटतो: अंग कोरडे, गरम, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. असा घोडा किनाऱ्यावर कामाचा नाही. निरोगी घोड्याचा श्वास अर्ध्या तासात मिनिटाला ८ ते १६ वर येतो. विश्रांतीत नाडी २८ ते ४४, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असावा.

पसंत पडला तरी रक्त तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, आणि तो निघालेला घोडा मारावा लागतो. दुसरी तपासणी सर्ऱ्याची, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची. गोमाश्या तो पसरवतात, गाई-म्हशींच्या अंगात तो लक्षणांशिवाय राहतो. त्यामुळे घोडा गोठ्याशेजारी बांधणाऱ्या कोकणी घरात ही चाचणी फार महत्त्वाची. डॉक्टर तुम्ही आणलेला असावा, विक्रेत्याचा नव्हे. लेखी करारात घोड्याचा रंग, खुणा, वय, परत करण्याची मुदत आणि आजपर्यंतच्या लसी नोंदवा. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला घ्या.

विक्रेत्याकडून दहा दिवसांचा त्याचाच चारा उचला आणि नवीन चारा त्यात हळूहळू मिसळत जा. दोन-तीन आठवडे घोडा इतर जनावरांपासून दूर ठेवा, सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. धनुर्वाताची लस झाली की नाही याची खात्री नसेल तर पहिली लगेच आणि दुसरी चार ते सहा आठवड्यांनी द्या, पुढे दरवर्षी एक.