डबा फॉर्मेलिनचा, गाठ मात्र कच्ची

हिस्टोपॅथच्या, म्हणजे काढलेली गाठ तपासणाऱ्या विभागाच्या टेबलावर नवीन आला असाल तर स्तनाच्या कर्करोगातल्या ईआर, पीआर (हॉर्मोनच्या) आणि हर-टू (एका प्रथिनाची) या तपासण्या ठाऊक आहेत असं धरते. हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठीसाठी आता ऑन्कोटाइपची, म्हणजे आजार परत उलटण्याचा धोका सांगणाऱ्या २१ जनुकांच्या स्कोअरची विचारणा होते. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासानुसार काखेत आजार नसेल, वय पन्नाशीपुढचं आणि स्कोअर २५ पर्यंत असेल, तर केमोचा जादा फायदा नाही. पन्नाशीच्या आत १६ पासूनच विचार करावा लागतो.

खर्च लाखांत, आणि सगळा डोलारा आपल्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर.

खानापूर, निपाणीकडून नमुना येतो: अख्खा स्तन डब्यात, वर शनिवारची तारीख. सोमवारी उघडला तरी फॉर्मेलिनमध्ये '६ ते ७२ तास' या नियमात बसतो, म्हणून सगळे निश्चिंत. तिथंच फसगत होते. नमुना सडू न देणारं हे फॉर्मेलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, चरबीत तर रडतखडतच. बाहेरून कडक, मधली गाठ कच्ची, घाईनं भाजलेल्या वांग्यासारखी. ईआर कसंबसं निघेलही, पण ऑन्कोटाइप ज्यावर चालते तो आरएनए तुटलेला. ब्लॉक परत येतो आणि घरचे ताटकळत बसतात.

तेव्हा नमुना काढल्यापासून तासाभराच्या आत, कडा ओळखू याव्यात म्हणून इंक लावून, मागच्या बाजूनं गाठीतून आरपार काप घ्यायचे, ५ ते १० मिलिमीटरवर. मग नमुन्याच्या दहापट बफर्ड (आम्लता स्थिर ठेवलेलं) फॉर्मेलिन. साधं पाणी मिसळलेलं चालणार नाही. तालुक्याच्या सर्जनना फोन करा. चिडले तर चिडू देत. वेबिनारची सर्टिफिकेटं गोळा करण्यापेक्षा जुन्या टेक्निशियनमामांशेजारी महिनाभर उभं राहिलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

नातेवाईक विचारतील, "अक्काची टेस्ट झाली, आता माझी पण करायची काय?" त्यांच्या मनात असते ती बीआरसीए, रक्तातून वारशाचा दोष पाहणारी. ऑन्कोटाइप गाठीतली जनुकं किती जोरात चालू आहेत ते मोजते. दोन्हींचे फॉर्म वेगळे ठेवा.

मोठा नमुना बिघडला तरी हातपाय गाळू नका. सुईच्या बायोप्सीचे बारीक तुकडे लगेच भिजतात; त्यात गाठ पुरेशी असेल तर तोच ब्लॉक पाठवता येतो. अडचण एवढीच, की बायोप्सी मिरजेला किंवा कोल्हापूरला झालेली असते आणि लोक स्लाइड तेवढ्या घेऊन येतात. ब्लॉक तिकडंच राहतो. तो मागवायचं पत्र शस्त्रक्रियेच्या आधीच द्या.