ॲसिड हाऊसची दुर्मीळ संकलने: सोलापुरातील संग्राहकासाठी

ॲसिड हाऊस हे शिकागोत जन्मलेले इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. तिथल्या ट्रॅक्स या रेकॉर्ड कंपनीने १९८७ साली फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली आणि रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस सिंथेसायझर यंत्राचा चिरका, वळसे घेत चढत जाणारा आवाज पुढच्याच वर्षी लंडनमध्ये निघालेल्या संकलनांतून, म्हणजे अनेक कलाकारांच्या रचना एकत्र असलेल्या तबकड्यांतून, दूरवर पोहोचला. ही मूळ संकलने सोलापूरच्या जुन्या बाजारात मिळण्याची आशा न धरता ती परदेशातूनच मागवावीत.

पैसे पाठवण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्याचे छायाचित्र अवश्य मागावे, कारण कव्हराची हुबेहूब नक्कल करता येते, पण तिथे कोरलेला क्रमांक नंतरच्या आवृत्तीत बहुधा वेगळा असतो. ट्रॅक्सच्या सुरुवातीच्या कित्येक तबकड्या मुळातच खरखरतात. तेवढ्यावरून त्या झिजल्या असे समजू नये, तिरप्या प्रकाशात चरे पाहावेत.

पार्सल मार्च ते मे या काळात मागवू नये. माझे एक पार्सल उन्हाळ्यात पत्र्याच्या पडवीत दुपारभर राहिले आणि आतल्या तबकडीची कड भाजलेल्या पापडासारखी वळली. ती अजूनही सपाट झालेली नाही. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. यंत्रमागांच्या वस्तीत घर असेल तर कापसाचे तंतू सुईखाली गोळा होतात, म्हणून दर वेळी ब्रश फिरवावा. धुण्यासाठी मात्र बोअरचे जड पाणी वापरू नये, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे.