पंख्यांची गती ठरवण्यापूर्वीची तयारी

मागच्या खेपेस मी संगणकाच्या पंख्यांच्या गतीचा आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला किती गती, अगदी नेटका आखला होता, तरीही जड काम सुरू केल्यावर प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करू लागला आणि कॅबिनेटचे पंखे मात्र निवांत फिरत राहिले. कारण सापडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या: ते पंखे प्रोसेसरचे नव्हे, तर मदरबोर्डचे तापमान पाहून फिरत होते, आणि मदरबोर्डचा सेन्सर चाळिशीपुढे सरकतच नव्हता. पुन्हा तसे होऊ नये म्हणून ही तयारी.

धूळ झाडावी. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्यावरच्या कूलरकडे नेणारा लेप) वाळली असल्यास आधी तीच बदलावी.

त्यानंतर कॅबिनेट उघडून कोणता पंखा मदरबोर्डच्या कोणत्या हेडरला (पंख्याची वायर जिथे बसते त्या पिनांना) जोडला आहे हे कागदावर लिहावे, कारण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, केवळ हेडरची नावे दिसतात. पिनाही मोजाव्यात. चार पिनांच्या पंख्यासाठी पीडब्ल्यूएम (वेगळ्या पिनेवरच्या संकेताने गती बदलणे) आणि तीन पिनांच्या पंख्यासाठी डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून गती बदलणे) हा पर्याय निवडावा. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवल्यास तो सतत पूर्ण गतीने फिरतो आणि आखलेला आलेख नुसता शोभेचा उरतो.

आता तापमानाचा स्रोत. बायोसमध्ये प्रत्येक हेडरसाठी, होय, प्रत्येकासाठी, पंखा कोणत्या सेन्सरकडे पाहतो ती ओळ उघडून वाचावी. एका हेडरवर बदललेला स्रोत बाकीच्यांना आपोआप लागू होतो असे गृहीत धरू नये. मी नेमके तेच धरले होते. सेटिंग जतन करून संगणक पुन्हा सुरू करावा, बायोसमध्ये परत जावे आणि स्रोत पुन्हा पाहावा. कंटाळा येईल, तरीही पाहावा.

आलेख आखताना ४० अंशांपर्यंत ३० टक्के, ७० अंशांना सुमारे ६० टक्के आणि ८५ अंशांना पूर्ण गती ही सुरुवात पुरेशी आहे. किमान गती फार खाली नेऊ नये, कारण कमी व्होल्टेजवर काही पंखे फिरायला सुरुवातच करत नाहीत. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उसळते व तितक्याच चटकन उतरते. त्यामुळे गती बदलण्यास काही सेकंदांचा विलंब ठेवला नाही, तर पंखे दिवसभर घुरघुरत राहतात. द्रवशीतकाचा पंप असल्यास तो या आलेखात ओढू नये, त्याला पूर्ण गतीवरच सोडावे.

मग अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान व पंख्यांचे मिनिटाचे फेरे दोन्ही पाहावेत. प्रोसेसर तापत असताना एखाद्या पंख्याचे फेरे जागचे हलले नाहीत, तर आलेखाशी झटापट न करता आधी स्रोत तपासावा.

बायोस अद्ययावत केल्यावर ही सेटिंग्ज बहुधा पुसली जातात. म्हणून प्रत्येक हेडरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा, आणि त्यात स्रोताची ओळ वाचता येते ना, हे तिथल्या तिथे पाहावे.